तांदळात लिहिलेलं नाव

"पढ़ाई किसी ने की, इंटर्नशिप किसी और ने की. इन दोनों में से आप कौन हैं?"

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसातल्या बाबूने मला हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात पान होतं आणि टेबलावर माझी डिग्री पडली होती. त्याने तिच्यावर चहाचा कप ठेवू नये म्हणून मी ती हळूच माझ्याकडे ओढली. तो चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं, निदान दोघं मिळून भांडलो असतो. तो शेजारच्या टेबलावरच्या बाबूकडे बघत, मजा घेत बोलत होता, आणि शेजारचाही दात काढत होता. मी रशियात सहा वर्षं वैद्यकी शिकून आले होते, इथे उज्जैनला सरकारी दवाखान्यात वर्षभर फुकट राबले होते, आणि आता ह्या दोघांना मी कोण ते ठरवायचं होतं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. डिग्रीवर माझं माहेरचं नाव होतं आणि इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर सासरचं. नाव निराळं, मधलं नाव निराळं, आडनावही निराळं. कागदावर खरोखरच दोन बायका होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही डॉक्टर म्हणता येत नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते. इतकी वर्षं झाली तरी सांगताना माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बाबा महाराष्ट्रातून मास्तरकीसाठी उज्जैनला आले आणि माधव नगरात भाड्याच्या घरात राहिले. गणित शिकवायचे. आमच्या ओळखीतली मराठी माणसं सगळी बँकेतली, रेल्वेतली, नाहीतर शाळेतली. त्यांच्यात मुलीला परदेशी पाठवायची पद्धत नव्हती. मी रशियाला शिकायला जाणार हे कळल्यावर एकेकाने येऊन बाबांना अक्कल शिकवली. तिथे थंडी फार, तिथे दारू फार, परत आल्यावर हिच्याशी लग्न कोण करणार. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणाचंही ऐकलं नाही. मी गेल्यावर त्यांनी माझा पत्ता रशियन अक्षरांत लिहायला शिकून घेतला. अक्षरं कसली, चित्रंच काढायचे. पाकिटावर पत्ता काढायला त्यांची सगळी संध्याकाळ जायची, असं आईने सांगितलं होतं.

तिथे एक रीत होती. मास्तरांना, डॉक्टरांना तिथे आडनावाने हाक मारत नाहीत. आधी नाव घ्यायचं आणि मग बापाचं नाव, त्याला त्यांची एक शेपटी लावून. मान द्यायचा तो असा. बाकीच्या भारतीय मुलांची पंचाईत व्हायची, कुणाला एकच नाव असायचं तर कुणाच्या नावात गावाचं नाव. आम्हा मराठी मुलांचं मात्र नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांच्या चौकटीत चपखल बसलं. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका मला माझ्या आणि बाबांच्या नावाने हाक मारायच्या. त्या बर्फात, त्या भाषेत, बाबांचं नाव रोज कानावर पडायचं. मी हे पत्रात लिहिलं तर बाबांनी ते पत्र शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं.

मी डिग्री घेऊन परत आले आणि मागोमाग तो देशच मोडला. आमचं विद्यापीठ ज्या गावात होतं ते गाव वेगळ्याच देशात गेलं. इकडे आपल्याकडे सगळं उघडायला लागलं होतं. टीव्हीवर रोज तेच चालू असायचं, बाजार खुला झाला, जग जवळ आलं. फ्रीगंजच्या दुकानांत परदेशी शीतपेयं आली, परदेशी साबण आला, गल्लीगल्लीत केबल आली. साबणाला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू कुठला, तुझा बाप कोण. परदेशी शिकून आलेल्या आपल्याच पोरीला मात्र सांगितलं की आधी इथे वर्षभर इंटर्नशिप करा, मग बघू. तेही मी मान्य केलं. इथले आजार वेगळे, इथली औषधं वेगळी, शिकायलाच हवं. पण इंटर्नशिपला जागा मिळायची तर वर्ष-दीड वर्ष वाट बघा म्हणाले.

त्या वाट बघण्याच्या काळात माझं लग्न झालं. सासर उज्जैनचंच, पिढ्यान्‌पिढ्या दरबारी कारभाऱ्यांचं घर. नवरा बँकेत. सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत, महसूल खात्यातून रिटायर झालेले. माणसं वाईट नव्हती, उगाच का बोला. गृहप्रवेशाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी ते वाचलं, पेढे वाटले, मीही हसले. कुणाला खटकलं नाही. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच मुलींचं व्हायचं ते. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ डब्यात परत गेले आणि नाव मला चिकटलं.

गंमत अशी की नवरा त्या नव्या नावाने मला कधीच हाक मारत नसे. जुन्यानेही नाही. तो नुसतं "अगं" म्हणायचा. ते नाव खरं वापरलं ते अण्णांनी. जन्मभर कागदांत वावरलेला माणूस, सुनेचे कागद तसेच कसे राहू देईल? रेशन कार्ड, मतदार यादी, बँकेचं खातं, पासपोर्ट, सगळीकडे खेटे घालून त्यांनी माझं नाव बदलून आणलं. "सूनबाई, तुमचं सगळं पक्कं करून टाकलं," असं मोठ्या प्रेमाने मला सांगितलं. इंटर्नशिपची जागा मिळाली ती त्यानंतर. दवाखान्याने समोर आले ते कागद बघितले आणि वर्षाअखेरीस सर्टिफिकेट दिलं ते ह्या पक्क्या केलेल्या नावाने. डिग्रीचं नाव बदलायला मात्र अण्णांना रशियाला खेटे घालता येत नव्हते.

आता बाबूचं म्हणणं काय, तर विद्यापीठाकडून पत्र आणा की ह्या दोन्ही बायका एकच आहेत. मी म्हटलं, भाऊसाहेब, तो देश आता नाही. तो म्हणाला, "तो इसमें हम क्या करें मैडम, देश हमने थोड़े तोड़ा है." मी विद्यापीठाला पत्रं पाठवली. एक परत आलं, बाकीची कुठे गेली देव जाणे. दिल्लीला रशियन वकिलातीत विचारलं तर ते म्हणाले, ते गाव आता आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे होतं त्यांचं अजून दिल्लीत ऑफिसच उघडलं नव्हतं.

आणि मी तोवर काय करत होते? नानाखेड्याजवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये काम करत होते. तिथले मोठे डॉक्टर, आम्ही त्यांना सर म्हणायचो, बोलायला गोड. "बेटा, रजिस्ट्रेशन आने दो, बोर्ड पर तुम्हारा नाम सबसे पहले लगवाऊंगा." तोपर्यंत पेशंट मी तपासायचे, निदान मी करायचे, औषधं मी लिहायचे, आणि सर येऊन खाली सही करायचे. कधी कधी तर पेशंटकडे न बघता. नोंदणी नाही म्हणजे सही नाही, आणि सही नाही म्हणजे मी कुणी नाही. पेशंटसमोर मला काय म्हणायचं हा त्यांना प्रश्न पडला असावा, कारण डॉक्टर म्हटलं तर कायद्याची भीती. मग त्यांनी मला सिस्टर म्हणायला सुरुवात केली. सिस्टर असण्यात काही कमीपणा नाही, तिथल्या सिस्टर माझ्याहून जास्त राबायच्या. पण त्या शिकल्या होत्या त्यांचं काम आणि मी शिकले होते माझं. रोज घरी आल्यावर माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची आणि मी तो राग भांड्यांवर काढायचे. नवरा बिचारा म्हणायचा, "अगं, होईल." काय होईल आणि कसं होईल ते त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी कोठीवर, म्हणजे आमच्या कचेरीत बसणाऱ्या एका वकिलाला गाठलं. त्याने सरळ सांगितलं. डिग्री बदलता येत नाही ना, मग तुम्ही बदला. कायद्याने माहेरचं नाव परत घ्या, पेपरात सूचना द्या, त्याच्या आधारावर दवाखान्यातून इंटर्नशिपचं सर्टिफिकेट जुन्या नावाने करून घ्या. त्यासाठी एक शपथपत्र लागेल. डिग्रीवरची मुलगी तीच ही, असं तुम्हाला जन्मापासून ओळखणाऱ्याने शपथेवर सांगायचं.

"नवऱ्याने सांगितलं तर?"

"वो बोलेंगे आप उनकी पत्नी हैं. उससे पहले का वो क्या जानें? पिताजी से करवाइए."

आई बरोबर आली होती. ती म्हणाली, "मी करते ना सही. जन्म मी दिलाय, माझ्याहून जास्त कोण ओळखणार?" वकील हसला आणि म्हणाला, माताजी, डिग्रीमध्ये पिताजींचं नाव आहे, तुमचं कुठे आहे? मला त्या वकिलाच्या टेबलावरचे सगळे कागद उधळून द्यावेसे वाटले. पण काम त्याच्याकडून करून घ्यायचं होतं.

घरी सांगितलं तर अण्णांना वाईट वाटलं, आणि ते कशाचं? "एवढे सगळे कागद मी नीट केले, ते सगळे आता उलटे फिरवायचे?" नवरा म्हणाला, कर तुला हवं ते, माझी हरकत नाही. म्हणजे सासरचा अडसर तिथेच संपला. मला वाटलं झालं आता काम. बाबांची सही म्हणजे काय, मागायचाच अवकाश. ज्या माणसाने माझ्यासाठी रशियन अक्षरं गिरवली तो एक सही देणार नाही?

बाबा नाही म्हणाले.

खुर्चीत बसून, चष्मा काढून, अगदी शांतपणे म्हणाले, "पोरी, ते मला जमणार नाही."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "बाबा, खोटं थोडंच लिहायचंय? मी तुमचीच मुलगी आहे ना?"

"होतीस. कन्यादान केलंय मी. हातावर पाणी सोडलंय. ते नाव मी त्या दिवशी दिलं, आता ते माझं नाही आणि तुझंही नाही. देऊन परत घेणारा माणूस मी नव्हे."

"मी काय वस्तू आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत. दिलं, घेतलं, म्हणजे काय? माझी सहा वर्षं गेली, इंटर्नशिपचं वर्ष गेलं, रोज तिथे दुसऱ्याच्या सहीखाली काम करते, आणि तुम्हाला हातावरच्या पाण्याचं पडलंय?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. ते हट्टी नव्हते, हे मला माहीत होतं. जगात कुणाचा धाक नसलेला माणूस, पण जी गोष्ट त्यांनी मंत्र म्हणून, पाणी सोडून केली, ती त्यांच्या लेखी पक्की होती. गणितासारखी. लोकांनी मला रशियाला पाठवू नका म्हटलं ते त्यांनी उडवून लावलं, कारण ते लोकांचं बोलणं होतं. हा त्यांचा स्वतःचा शब्द होता. आज मला हे समजतं. तेव्हाही समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. बाबूवर ओरडून मोकळं होता येतं. आपल्या चांगल्या बापावर ओरडून काय हाती लागतं? मी तणतणत निघून आले आणि बरेच दिवस माधव नगरात पाय ठेवला नाही.

मग एक दिवस सकाळच्या ओपीडीत मी हिरव्या पडद्यामागे एका बाईचं बीपी बघत होते. पडद्यापलीकडे बाकावर पेशंट बसायचे. सर दारातून ओरडले, "सिस्टर, इनका हो गया क्या? परचा लाओ, साइन कर दूं." मी कागद दिला, त्यांनी उभ्या उभ्या सही केली आणि गेले. तेवढ्यात पलीकडून एक माणूस कुणाला तरी म्हणाला, "ये जो सिस्टर हैं ना, बहुत बढ़िया देखती हैं. डॉक्टर से भी अच्छा."

"सिस्टर नहीं, डॉक्टर है," दुसरा आवाज म्हणाला. "मेरी बेटी है."

बाबांचा आवाज. त्यांचं हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिलं.

तो माणूस म्हणाला, "अच्छा? तो बाहर बोर्ड पे नाम क्यों नहीं है?"

माझ्या हातात बीपीचा पट्टा तसाच राहिला. बाबा काय उत्तर देतात ते मला ऐकायचं होतं. मनात म्हटलं, सांगा ना आता, सांगा त्याला कन्यादानाचं. बाबांनी उत्तर दिलंच नाही. तो माणूस दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला.

बाबांचा नंबर आला. पोटात जळजळ होते म्हणाले. नर्सिंग होम घरापासून लांब, जळजळीचं औषध कोपऱ्यावर मिळतं. तपासलं. औषध लिहिलं. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला आणि विचारलं, "आता?"

"आता सर सही करतील."

"त्यांनी मला बघितलं कुठे?"

"ते कुणालाच बघत नाहीत, बाबा."

त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला, सहीशिवायच, आणि औषध न घेता निघून गेले.

दोन-चार दिवसांनी आईचा फोन आला, समोरच्या एसटीडी बूथवरून. बाबा कोठीवर जायला निघालेत, तू ये. मी गेले. वकिलाच्या टायपिस्टने शपथपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, बाबांनी ऐकलं, आणि त्यांच्या त्या नेटक्या मास्तरी अक्षरात सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते असं मला अजूनही वाटत नाही. माझंच होतं ते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या आठवड्यात मला बाजारात एक ओळखीच्या बाई भेटल्या आणि एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "ऐकलं गं. वाईट झालं. अजून मूलबाळ नाही तेच बरं." मी त्यांनाच खोदून विचारलं. मग उलगडा झाला. सही केल्यावर बाबा भल्या सकाळी राम घाटावर गेले होते. तिथल्या आमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारलं होतं की दिलेलं दान परत घेतलं तर काय प्रायश्चित्त असतं. गुरुजींनी सांगितलं तसं शिप्रेत स्नान केलं, दान दिलं, उपास धरला. गुरुजींनी विचारलं असणार, मास्तरजी, कौन सा दान? बाबांना खोटं बोलता येत नव्हतं. झालं, घाटावरून गावभर गेलं की मास्तरांची मुलगी घरी परत आली, नवऱ्याने टाकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच माहेरी गेले आणि बाबांना म्हटलं, "मला परत घेतल्याचं पाप लागलं का तुम्हाला?"

ते उपासाची भगर खात होते. म्हणाले, "लागलं असेल तर फिटलं आता. तू जा, तुझी नोंदणी करून घे."

"लोक काय वाट्टेल ते बोलतायत."

"बोलू दे. तू रशियाला गेलीस तेव्हाही बोलत होते." आणि परत भगर खायला लागले. मी दारातच उभी राहिले. एवढा राग घेऊन आले होते, तो ठेवायचा कुठे ते कळेना. शेवटी आईने मलाही ताट वाढलं आणि मी रागारागानेच जेवले.

कागद बदलायला पुढे कितीतरी महिने गेले. नोंदणीच्या ऑफिसात तोच बाबू होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, "हां, अब ठीक है." जसं काही आधी मी चुकीची होते. मी तीच होते. डोळे तेच, हात तेच, रशियात आणि उज्जैनला शिकलेलं सगळं तेच. त्याला शिक्का मारायला वेळ लागला नाही. नर्सिंग होमच्या सरांनी बोर्डावर नाव घालायला सुरुवात केली तेव्हा मी सांगितलं, राहू द्या, मी जातेय. फ्रीगंजला एका औषधाच्या दुकानामागे खोली घेतली आणि माझी पाटी लावली. नाव, बाबांचं नाव, आडनाव. येणारे पेशंट विचारायचे, डॉक्टरणीबाई, लग्न नाही का झालं? मी म्हणायचे, जीभ दाखवा.

बाबा पेशंट म्हणून माझ्याकडेच यायचे, पाटीकडे न बघता आत शिरायचे. त्या विषयावर आम्ही परत कधी बोललो नाही.

ते गेले ते घरीच, माधव नगरात, दुपारच्या वेळी. शेवटचं आजारपण मीच बघितलं होतं, त्यामुळे मृत्यूचं कारण लिहून द्यायचं तेही माझ्याकडे आलं. वर मयताचं नाव लिहिलं. खाली माझी सही केली. एकाच कागदावर त्यांचं नाव दोनदा आलं, एकदा गेलेल्या माणसाचं म्हणून आणि एकदा माझ्या नावात.

दाखल्याच्या खिडकीवरच्या बाबूने कागद उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं.

"मैडम, शादी तो हुई है आपकी. फिर पिताजी का नाम अब तक कैसे?"

मागे लाईन होती. नवरा बाजूला उभा होता, अण्णा बाहेर रिक्षात बसले होते. मला रडायला अजून सवड मिळाली नव्हती.

"एक बार दे दिया था उन्होंने," मी म्हटलं. "फिर वापस ले लिया. आप लिखिए."